मुद्दाम चुकणाऱ्या बाई

आमच्या बाई रोग्याच्या घरी गेल्या की पहिली दहा मिनिटं अडाण्यासारखं बोलायच्या. मुद्दाम. कापूस कधी वेचतात, म्हैस किती महिने गाभण असते, भुईमूग झाडाला वर लागतो की खाली, यातलं आपल्याला काहीच ठाऊक नाही असा चेहरा करून त्या खाटेशेजारी बसायच्या आणि एकेक चूक सोडायच्या. मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले ती नंदुरबारातल्याच एका आजीकडे. आजी आठ दिवस तापाने पडून होत्या. डोळेसुद्धा उघडत नव्हत्या. बाईंनी थर्मामीटर लावला नाही, नाडी पाहिली नाही. इकडेतिकडे बघत विचारलं, "आजी, खापरनी पोळी तुम्ही पोळपाटवरच लाटतस ना?"

आमच्याकडे पुरणाची पोळी पालथ्या खापरावर भाजतात. ती दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठी करायची असते, लाटण्याचा तिला स्पर्शही होत नाही. आजी कोपरावर उठल्या.

"वं माय! तुले कोनी शिकाडं वं? खापरनी पोळी काय लाटतस? ती हातवर फिरावतस, हातवर! कोठली शे वं तू?"

आणि तापाने थरथरणारे दोन्ही हात वर करून त्यांनी हवेतल्या हवेत एक पोळी करून दाखवली. बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "हिला नुसता ताप आहे. चार दिवसांत उठेल. म्हातारं माणूस तुमची चूक सुधारतंय तोवर घाबरायचं नाही. चूक ऐकून 'व्हई माय, तसंच व्हई', असेल बाई तसंच, असं म्हणालं, की मात्र वही काढायची."

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही दोन-तीन वर्षं. नंदुरबार तेव्हा धुळ्याच्या जिल्ह्यात होतं. एका धर्मादाय दवाखान्याने घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या बायकांचा वर्ग काढला होता आणि तो चालवायला बाईंना नवापूरकडून आणलं होतं. आम्ही सहाजणी होतो. मी सातवी पास, वडील सरकी काढायच्या जिनात कापसाचे बोजे उचलायचे. आमच्या घरात छापलेला कागद म्हणजे पुडीचा कागद. पुढे मी मॅट्रिक झाले, आणखी पुढे बी. ए. झाले, ते या बाईंमुळे. संध्याकाळी दवाखाना आवरला की त्या मला समोर बसवून इंग्रजीचे धडे वाचून घ्यायच्या, आणि मी कंटाळले की म्हणायच्या, "कंटाळ. पण कंटाळत वाच."

बाई दिसायला एवढ्याशा. नऊवारी लुगडं आणि त्याखाली पुरुषी बूट. ते बूट कोणा साहेबाचे होते म्हणत, पण विचारायची कोणाची हिंमत नव्हती. बूट त्यांना मोठे होते, म्हणून पुढे चिंध्या कोंबलेल्या असत. गल्लीतून त्या यायला लागल्या की टक् टक् आवाजाने लोकांना आधीच कळायचं, आणि पोरं ओरडायची, "फौजदार वना, फौजदार!" बाई त्यांना सॅल्यूट ठोकायच्या.

वर्गात त्यांचे दोन कायदे होते. पहिला भाषेचा. अहवाल लिहायचा तो शाळेतल्या शुद्ध मराठीत, आणि रोग्याशी बोलायचं ते अहिराणीत. रोग्याला "आपणांस क्षुधा लागते काय" असं विचारणाऱ्या आमच्यातल्या एकीला त्यांनी दिवसभर तशाच भाषेत बोलायला लावलं होतं. पाण्याचा घडा मागता मागता ती रडकुंडीला आली. दुसरा कायदा असा, की "वयाचं आहे" हे दोन शब्द कोणी उच्चारायचे नाहीत. आजोबा जेवत नाहीत, वयाचं आहे. आजी बोलत नाहीत, वयाचं आहे. असं जी म्हणेल तिने समोरच्या आडावरून दोन घागरी पाणी आणायचं. पहिल्या महिन्यात दवाखान्याचा रांजण एकदाही रिकामा झाला नाही.

सगळ्यांत अवघड होता तो प्रश्न विचारायचा सराव. म्हाताऱ्या माणसाचा जीव उदास झाला असेल, तर त्याला सरळ विचारायचं, मरून जावंसं वाटतं का. आमच्याकडे घरात नुसतं "मरण" म्हटलं तरी आई तोंडावर हात ठेवायची. आजारी माणसापुढे असं अभद्र कोण बोलेल? आणि बोललो तर त्याच्या डोक्यात ते नव्याने शिरणार नाही का?

"शिरत नाही," बाई म्हणाल्या. "ते आधीच आत बसलेलं असतं. तुम्ही विचारलं की त्याला बाहेर यायला दार मिळतं. चला, उभ्या राहा. हा खांब म्हणजे आजोबा."

दवाखान्याच्या ओसरीवरच्या सागवानी खांबापुढे आम्ही सहाजणी ओळीने उभ्या राहिलो आणि एकेकीने त्याला विचारलं, "आबा, मरी जावं असं वाटस का तुम्हले?" कोणी हसली, कोणी पुटपुटली. बाई प्रत्येकीला परत पाठवायच्या. "डोळ्यांत बघून विचार. खांबाला डोळे नाहीत हे मला दिसतंय, तरी बघ." बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर माणसं थांबली.

"काय चाली ऱ्हायनं हाई?" एकाने विचारलं.

"ह्या बाया खांबले इचारतस, मरी जावं असं वाटस का."

"मंग खांब काय म्हने?"

"म्हने, मी मरी गऊ तं छप्पर कोन धरी?"

सगळा रस्ता हसला. बाई त्या माणसाकडे वळून म्हणाल्या, "बरोबर बोललास. आमच्या वर्गात ये." तो जो पळाला तो पुढचे तीन बाजार त्या रस्त्याने गेला नाही.

दवाखान्याच्या डॉक्टरांनाही हे सगळं खूळ वाटायचं. माणूस भला होता, पण म्हणायचा, "बाई, मेलँकोलिया हा साहेबलोकांचा रोग. आपल्या शेतकऱ्याला उदास व्हायला फुरसत कुठे आहे?" बाई उत्तर द्यायच्या नाहीत. एकदाच दिलं, तेही डॉक्टरांना नाही, आम्हाला. मलमपट्ट्या कापत बसलो होतो. त्या कात्री न थांबवता म्हणाल्या, "माझ्या वडिलांची नाडी मी चार महिने लिहीत होते. नर्स ना मी. ते गप्प असायचे, मी म्हणायचे, वयाचं आहे. नाडी उत्तम होती. ज्या सकाळी ते विहिरीत गेले त्या सकाळीसुद्धा उत्तम होती."

त्यानंतर त्या कायद्याची शिक्षा आमच्यापैकी कोणालाच द्यावी लागली नाही.

आता जवळच्या कोरीट गावची गोष्ट. तिथे एक मोठं शेतकरी कुटुंब होतं. घरातल्या आबांच्या पायात बाभळीचा काटा मोडून गळू झालं होतं. दवाखान्यात ते कापलं आणि दर तिसऱ्या दिवशी छकड्यातून जाऊन पट्टी बदलायचं काम माझ्याकडे आलं. माझं हे पहिलं स्वतंत्र काम. मी गेले तर ओसरीवर दहा-बारा माणसं बसलेली. समोर खाटेवर आबा. पांढरी शुभ्र बंडी, मिटलेले ओठ, नजर कुठेतरी लांब. बायका येत होत्या, पायाजवळ फुलं ठेवत होत्या, नमस्कार करून जात होत्या.

"आबा साधू व्हई गयात," थोरल्या मुलाने मला हलक्या आवाजात सांगितलं. "जेवनमां मन नही, बोलनामां मन नही. कडं, अंगठी, पागोटं, बठ्ठं वाटी दिन्हं. आम्हनं भाग्य शे, माय."

मुलगे खरोखर भले होते. म्हातारी दोन वर्षांपूर्वी वारली होती. तेव्हापासून बापाला कष्ट नकोत म्हणून त्यांनी विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं, मोट उतरवली, बैलजोडी पाहुण्यांकडे देऊन टाकली आणि सांगितलं, आबा, आता तुम्ही बसा, देवाचं नाव घ्या. चाळीस वर्षं पहाटे मोट हाकणारा माणूस खाटेवर बसला. बसता बसता गप्प झाला. आमच्या मुलखात घरच्या थोराने संसारातून मन काढलं तर त्याला हात जोडतात, त्याच्या मागे लागत नाहीत. मीही याच मुलखातली. पट्टी बांधली, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि अहवालात लिहिलं, "जखम भरत आहे. रोगी शांत, प्रसन्न व विरक्त. जवळच्या वस्तू वाटून टाकल्या."

बाईंनी तो कागद वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

"प्रसन्न म्हणजे? हसले?"

"नाही."

"काय खाल्लं?"

"विचारलं नाही."

"झोप कधी मोडते?"

तेही विचारलं नव्हतं.

"जवळच्या वस्तू वाटून टाकल्या म्हणतेस. मरायला निघालेला माणूसही वाटतो." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "उद्या परत जा. पाया पडू नकोस. पाया पडलं की माणूस दिसत नाही. चूक करून ये."

दुसऱ्या दिवशी मी दुपारी गेले, माणसं जेवायला गेलेली असताना. पट्टी सोडता सोडता म्हणाले, "आबा, यंदा कपाशी चांगली शे म्हनतस. आषाढमां येचनी व्हई ना?"

आषाढात तर कपाशी जेमतेम वीतभर उगवलेली असते. शेजारच्या घरातलं लहान पोरसुद्धा हसलं असतं. आबा म्हणाले, "व्हई माय. तसंच व्हई."

मी पट्टी खाली ठेवली. मी दाराकडे पाहिलं, कोणी नव्हतं. खांबाला हा प्रश्न शंभर वेळा विचारला होता. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं.

"आबा, मरी जावं असं वाटस का तुम्हले?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग त्यांची हनुवटी हलायला लागली.

"वाटस, माय. रोज वाटस. तीन येळा हिरना काठवर, खाल पानीकडे देखत उभा ऱ्हायनू. इंजनजोडे मानसं व्हतात. लाज वाटनी, परत फिरनू." आणि मग फुलांकडे बोट करून, "लोके पाया पडतस. मी काय देव शे का? मन्हामां आते काहीच नही."

त्या दिवशी मी एकटी परतले नाही. छकडा बाईंना आणायला पाठवला आणि तोवर खाटेशेजारून हलले नाही. बाई आल्या, तोपर्यंत बातमी घरभर झाली होती. थोरला मुलगा अंगणातच आडवा आला.

"बाई, गावना गाव पाया पडाले येस आनि तुम्ही आम्हना बापले येडा ठरावतस?"

"येडा कोन म्हने? आजारी शे म्हनस मी."

"ते साधू व्हयनात!"

बाई छत्री टेकून उभ्या राहिल्या. "मी गंज साधू देखात, भाऊ, शंभर देखात. बठ्ठा पोटभर जेवतस. जेवीसन घोरतस. तुन्हा बाप काबर जेवत नही?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मुलगा लाल झाला. त्याला काय झालं होतं हे मला आज समजतं. वर्षभर ज्याला तो भाग्य म्हणत होता ते कोणीतरी त्याच्या हातून काढून घेत होतं, आणि त्या जागी दोष ठेवत होतं. तेवढ्यात घरातून थोरली सून बाहेर आली, डोक्यावरचा पदर सावरत. पुरुषांसमोर ती बहुधा पहिल्यांदाच बोलत असावी.

"बाई, मामंजी पहाटे रडतस. मी चूल पेटावाले उठस, तव्हय देखस. कोनले सांगो? सासरा रडस असं कसं सांगो?"

मुलगा बायकोकडे बघत राहिला, मग ओसरीच्या पायरीवर मटकन बसला. बाई त्याच्या शेजारी बसल्या आणि एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "तू जे करं ते बठ्ठं प्रेमानंच करं. मालेबी माहीत शे. आते माले मदत कर."

दर्शन त्या दिवसापासून बंद झालं. फुलं घेऊन येणाऱ्यांना बाईंनी सांगून ठेवलं, फुलं नकोत, ताक आणा. आबांना क्षणभरही एकटं ठेवायचं नाही. मुलगे, सुना, पुतणे यांनी पाळ्या लावून घेतल्या. डॉक्टरांनी येऊन छाती, पोट, डोळे तपासले आणि दुसरा काही आजार नाही याची खात्री करून घेतली. सून तासातासाला दोन-दोन चमचे पेज भरवायची. सकाळी खाट उन्हात. मी रोज जायचे आणि रोज तोच प्रश्न विचारायचे. आबा रोज म्हणायचे, "वाटस." पंधरा दिवसांनी एकदा म्हणाले, "काल वाटनं. आज अजून नही." मी ते तसंच्या तसं लिहिलं.

बैलजोडी परत आणावी असं मुलांनीच सुचवलं. आणली. त्यांना वाटलं, बैल पाहताच बाप उठून उभा राहील. आबांनी बैलांच्या पाठीवर हात ठेवला आणि रडले, बस. मुलगे हिरमुसले. बाई म्हणाल्या, "बैल औषध नाही. बैल पथ्य आहे. पथ्याला वेळ लागतो."

आणखी तीन आठवड्यांनी जुन्या मळ्यातल्या विहिरीवर मोट पुन्हा चढवली. आबांची खाट विहिरीपासून लांब, बैलांच्या धावेच्या दुसऱ्या टोकाला, लिंबाखाली ठेवली. दोन्ही बाजूंना दोन पुतणे. मी आणि बाई बांधावर. धाकट्या मुलाने बैल जुंपले. त्याने जन्मात मोट हाकली नव्हती. मोटेचा दोर, नाडा, ताणायच्या आत त्याने बैल फिरवले, मोट अर्ध्यावर कलंडली आणि सगळं पाणी धबाधबा परत विहिरीत. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा बैल आडवे झाले.

आणि लिंबाखालून आवाज आला. असा आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता.

"आरे गाढवा! बैलले पहिले मांगे चालाड! तुन्हा बापनी कव्हय अशी मोट हाकी व्हती का रे?"

धाकटा जागच्या जागी थिजला. मग वळून म्हणाला, "आबा, मन्हा बाप तं तूच शे ना!"

आबांच्या तोंडावर काहीतरी सरकलं, आणि ते हसले. खोकत, डोळे पुसत, लहान मुलासारखे हसले. थोरला मुलगा तोंडावर उपरणं धरून हमसाहमशी रडत होता. आबा उठले, लंगडत धावेवर गेले, धाकट्याच्या हातातून कासरा ओढून घेतला. बैलांनी त्यांचा हात ओळखला असावा. मोट भरून वर आली, काठावरच्या दगडी थारोळ्यात ओतली गेली, आणि पाटात पाणी चालू लागलं. सून अनवाणी पाटात उतरली आणि पाण्याबरोबर चालत सुटली.

बाईंनी मला कोपर मारलं. "लिही."

"काय लिहू?"

"रोग्याने शिवी दिली. प्रकृती उत्तम."

मी तेच लिहिलं. डॉक्टरांनी तो अहवाल वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. पुढच्या सोमवारी वर्ग भरला तेव्हा ते मागच्या बाकावर येऊन बसले. बाईंनी त्यांच्याकडे न बघता शिकवणं चालू ठेवलं. तास संपताना त्यांनी हात वर करून शंका विचारली, आणि विचारताना त्यांच्या तोंडून "वयाचं आहे" असं गेलं. आम्ही सहाजणींनी एकदम घागरीकडे बघितलं. डॉक्टरांनी कोट काढून खुंटीला लावला आणि दोन घागरी पाणी आणलं. सगळी गल्ली बघायला जमली होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी दवाखान्यासमोर बैलगाडी थांबली. आबा स्वतः हाकत होते. मागे गवतावर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते, पागोटं सैल सुटलेलं, नजर गाडीच्या फळीवर खिळलेली.

"हाऊ मन्हा याही," आबांनी व्याह्यांची ओळख करून दिली. "दोन महिनापाईन धड बोलत नही, जेवत नही. त्यानं गाव म्हनस, साधू व्हयना. मी म्हनं, कसाना साधू! आजारी शे. बठ गाडीमां."

डॉक्टर पायऱ्या उतरून आले. व्याह्यांचा हात हातात घेत त्यांनी विचारलं, "हा आजार आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन सांगी?" आबा म्हणाले. "मी तठे जाईसन परत वनू ना, डाक्टर."

आम्ही व्याह्यांना आत नेऊन बसवलं, गरम दूध दिलं. मी नवा रोगी म्हणून नोंद करायला घेतली. आमच्या नोंदवहीत शेवटी एक रकाना असे, "प्रथम कोणी ओळखले." त्यात आमच्यापैकीच एकीचं नाव यायचं, म्हणून मी सवयीने माझं नाव लिहायला टाक टेकवला. बाईंनी माझं मनगट धरलं.

"तू ओळखलंस?"

मी टाक उचलला, शाईत बुडवला आणि आबांचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण.

आबांना वाचता येत नव्हतं. ते वहीवर वाकले. "काय लिखं वं माय?"

बाईंनी वही दोन्ही हातांत घेतली आणि ते नाव वाचून दाखवलं, ओसरीवर बसलेल्या सगळ्या रोग्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.